स्मृतिभ्रंशाची नोंद घरच्यांना विचारून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्मृतिभ्रंशाचे मुख्य कारण असलेल्या अल्झायमरचे निदान आता रक्ताच्या चाचणीवरून होऊ शकते, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून वरचेवर वाचायला मिळतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मे २०२५ मध्ये अशा पहिल्या रक्तचाचणीला परवानगी दिली, ही संशोधनातील मोठी मजल आहे. मात्र ही परवानगी ५५ वर्षे व त्यापुढील वयाच्या आणि स्मरणशक्तीची तक्रार आधीच सुरू झालेल्या रुग्णांपुरती, तीही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली वापरण्यासाठी आहे. म्हणजे तक्रार कुणाच्या तरी लक्षात आली पाहिजे आणि तिची नोंद झाली पाहिजे, ही पायरी चाचणीच्याही आधीची. माण-खटावच्या वाड्यावस्त्यांवर ती पायरी कशी चुकते, हे आरोग्यसेविका म्हणून नोकरी केल्यामुळे मला जवळून ठाऊक आहे, आणि त्याविषयीच हे पत्र आहे.

तीस वर्षांवरील प्रत्येकाचा जो फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरतात आणि ज्याला आम्ही सीबॅक म्हणतो, त्यात साठी ओलांडलेल्यांसाठी काही वेगळे प्रश्न आहेत. स्मरणशक्तीविषयी त्यांत एकच प्रश्न आहे: जवळच्या माणसांची नावे किंवा स्वतःच्या घराचा पत्ता विसरता का? पोटच्या मुलाचे नाव किंवा राहत्या घराचा पत्ता आठवेनासा होईपर्यंत हा आजार बराच पुढे गेलेला असतो. शिवाय हा प्रश्न ज्याला विसर पडतो त्यालाच विचारला जातो, आणि आपल्याला विसर पडतो हेच अनेकदा त्या माणसाच्या ध्यानात राहत नाही.

आमच्या नात्यातील एक काकी दूध डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब तोंडी करायच्या. लिटर, फॅट आणि पेंडीची उचल यांत कधी चार आण्यांची चूक नसे. पुढे पुढे त्या बिल घेऊन आल्यावर पुन्हा बिल आणायला निघू लागल्या, आमटीत मीठ दोनदा पडू लागले, एकच गोष्ट तासाभरात तीन वेळा विचारू लागल्या. फॉर्म भरायला आशाताई आल्या तेव्हा काकींनी ओट्यावर बसून सगळ्या नातवंडांची नावे सांगितली आणि गाव, पोस्ट, तालुका असा पत्ताही बिनचूक सांगितला. साहजिकच उत्तर ‘नाही’ असे नोंदले गेले. त्या वेळी सूनबाई आत स्वयंपाक करत होत्या. काय काय बदलले आहे ते सर्व त्यांना ठाऊक होते, परंतु त्यांना विचारावे असे फॉर्ममध्ये कुठेही नाही. आशाताईंनी त्यांचे काम चोख केले; कमतरता प्रश्नात आहे. काकींना साताऱ्यात तज्ज्ञांकडे नेले गेले ते त्या स्वतःच्याच शेतातून घरी येण्याची वाट चुकल्यानंतर. तोवर घरात आणि भावकीत ‘साठी बुद्धी नाठी’ एवढेच निदान होते.

वास्तविक घरच्या माणसाला विचारण्याची पद्धत संशोधनाने केव्हाच सिद्ध केली आहे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००५ मध्ये तयार झालेली आठ प्रश्नांची एक सोपी सूची आहे. निर्णय घेताना चुका होतात का, आवडीच्या गोष्टींतला रस कमी झाला का, तेच तेच विचारले जाते का, नवे यंत्र वापरायला शिकणे जड जाते का, महिना किंवा साल चुकते का, पैशाचे व्यवहार जमेनासे झाले का, ठरलेल्या भेटी लक्षात राहत नाहीत का, आणि विचार करण्यात किंवा आठवण्यात रोजच अडचण येते का, असे ते प्रश्न आहेत. उत्तर देणाऱ्याने आज काय जमते हे सांगायचे नसून गेल्या काही वर्षांत काय बदलले हे सांगायचे असते. दोन किंवा अधिक ठिकाणी ‘होय, बदल झाला’ असे आले तर पुढची तपासणी करावी, इतकाच त्याचा अर्थ. त्यावरून कुणाला आजार जडला असे ठरवायचे नसते.

आपल्या भागासाठी ही पद्धत विशेष मोलाची आहे, कारण दवाखान्यात वापरल्या जाणाऱ्या स्मरणशक्तीच्या चाचण्या शिकलेल्या माणसांना डोळ्यांपुढे ठेवून बनलेल्या आहेत. सर्वाधिक प्रचलित असलेली तीस गुणांची चाचणी १९७५ सालची. तिच्यात शंभरातून सात वजा करत जायचे असते आणि एक वाक्य लिहायचे असते. १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांच्या ज्या मुली शाळा सोडून आईबरोबर खडी फोडायला गेल्या, त्या आज पासष्टीच्या आसपास आहेत. त्यांनी या चाचणीत कमी गुण मिळवले तर तो आजार की न मिळालेली शाळा, हे कसे ठरवायचे? हरियाणातील बल्लभगढमध्ये झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या अभ्यासासाठी नव्वदच्या दशकात निरक्षरांनाही देता येईल अशी हिंदी चाचणी तयार झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने पुढे चाचण्यांचा जो संच बनवला, त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. त्यांत मराठी नव्हती, याचे मला वाईट वाटते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे, आणि प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आहे.

आता जोखमीच्या घटकांविषयी. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये टाळता किंवा कमी करता येण्याजोगे चौदा घटक सांगितले आणि ते सर्व हाताळले तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा अंदाज मांडला. हा अंदाज संपूर्ण लोकसंख्येचा आहे, एखाद्या व्यक्तीला दिलेली हमी नव्हे. पण त्या चौदांची यादी वाचताना मला सीबॅकचाच फॉर्म आठवत राहिला. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, ऐकू कमी येणे, अंधुक दिसणे, मन उदास राहणे, इतकेच काय, स्वयंपाक कोणत्या इंधनावर होतो, हे सगळे आशाताई आधीच लिहून घेतात. रक्तदाब आणि साखर उपकेंद्रात तपासली जाते. माहिती घरात आहे, फक्त ती स्मरणशक्तीच्या प्रश्नाशी कुणी जोडत नाही.

त्यांतही श्रवणाकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत खटकते. अमेरिकेत ९७७ ज्येष्ठांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात श्रवणयंत्रामुळे सरसकट सर्वांना फरक पडला नाही. परंतु ज्यांना आधीच जोखीम अधिक होती, त्यांच्या बौद्धिक क्षमतेची घसरण जवळजवळ निम्म्याने मंदावली. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईनासे झाले की घरातले त्याच्याशी बोलणेच कमी करतात, आणि एकटेपणाची आणखी एक जोखीम त्याच्यावर आपण लादतो.

सरसकट सर्व ज्येष्ठांची चाचणी घ्यावी असे माझे म्हणणे नाही. तक्रार नसलेल्यांच्या अशा तपासणीचा लाभ पुरेसा सिद्ध झालेला नाही, असे अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०२० मध्ये नमूद केले आहे. बदल घरच्यांच्या लक्षात आला असेल तेथे मात्र विलंब नको, कारण ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत ब-१२ कमी होऊ शकते, आणि असे रुग्ण आज गावोगावी आहेत.

तेव्हा सातारा जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाने निदान एका तालुक्यात, वैद्यकीय तज्ज्ञांकडून नीट पारखून घेतलेले हे आठ प्रश्न मराठीत करून, फॉर्मसोबत सुनेला, मुलाला किंवा जोडीदाराला विचारण्याची सोय करावी. ज्यांच्याबाबत बदल आढळेल त्यांचे कान, डोळे, रक्तदाब, ब-१२ आणि थायरॉईड ग्रामीण रुग्णालयात तपासावेत. आणि या वाढीव कामाचा वेगळा मोबदला आशाताईंना द्यावा, अशी माझी मागणी आहे. आपल्या दैनिकाच्या आरोग्य पुरवणीत हे प्रश्न एखाद्या मेंदूविकारतज्ज्ञाच्या टिपणासह ठळक अक्षरांत छापता आले, तर खात्याचा निर्णय होईपर्यंत घरोघरी त्यांचा उपयोग होईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. खटाव, जि. सातारा