यंदा जत्रेला येणार नाही

रत्नागिरी,
त्रिपुरी पौर्णिमा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर आईने विचारले की जत्रेला शुक्रवारी रात्री निघशील की शनिवारी पहाटे, आणि मी आवाज नीट येत नाही असे सांगून फोन ठेवून दिला. आवाज नीट येत होता. उत्तरही माझ्याजवळ होते, पण ते फोनवर दोन वाक्यांत दिले असते तर बाबा नुसते "बरां" म्हणाले असते आणि पुढचे आठ दिवस फोन आईच्याच हाती राहिला असता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. यंदा मी जत्रेला येणार नाही. आजवर माझी एकही जत्रा चुकलेली नाही, बारावीच्या वर्षीसुद्धा नाही, आणि देवीची ओटी भरताना आईच्या शेजारी मी नसेन हा विचार गेले तीन आठवडे मला झोपू देत नाही.

त्याच शनिवारी-रविवारी मुंबईला, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या जिओ वर्ल्ड कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, कॉमिक कॉन भरत आहे आणि तिथे मी माझ्या चित्रकथेच्या पुस्तकाचा स्टॉल लावणार आहे. जागेचे पैसे भरून झाले आहेत आणि पुस्तक कोल्हापूरला छापायला गेले आहे. दुसरी गोष्ट याहून जड आहे, ती आताच लिहून टाकते. आंब्याच्या पैशांतून बाबांनी माझ्या नावावर केलेली मुदत ठेव मी मोडली. ती कशासाठी ठेवली होती हे मला माहीत आहे, आणि त्या विषयावर मे महिन्यात मी जे बोलले तेच माझे म्हणणे आजही आहे. पण तुम्हाला न विचारता मोडली याबद्दल मी मनापासून क्षमा मागते. विचारले असते तर तुम्ही नाही म्हटले नसते, मला ठाऊक आहे, आणि म्हणूनच तोंडातून शब्द निघाला नाही. नोकरी सोडलेली नाही. आठ दिवसांची रजा मंजूर झाली आहे, ते पत्र माझ्या कपाटात आहे, तुम्ही आलात की दाखवीन.

बाबांना हिशेब लागतो, तो देते. जागेचे भाडे, छपाई, मालाची वाहतूक आणि प्रवास मिळून १ लाख ४० हजार रुपये खर्च आहे. पुस्तक तीन फॉर्मांचे, म्हणजे ४८ पानांचे, रंगीत, मधे पिन मारलेले. प्रती ६००, किंमत २०० रुपये. त्यांतल्या ३०० प्रती त्या दोन दिवसांत गेल्या तर ६० हजार येतील. भिंतीवर लावायची चित्रे १५० रुपयांना एक, अशी २५० गेली तर साडेसदतीस हजार, आणि ६० रुपयांच्या स्टिकरच्या पाकिटांचे ३० हजार धरले आहेत. एकूण १ लाख साडेसत्तावीस हजार होतात, म्हणजे साडेबारा हजार कमी पडतात, हे मी लपवत नाही. पण ३०० प्रती हातात शिल्लक राहतात आणि पुस्तक काही आंब्यासारखे चार दिवसांत पिकून काळे पडत नाही. हे दादाच्या कोळंबीच्या धंद्यासारखे होणार नाही, आई. कर्ज काढलेले नाही, कोणाला जामीन घातलेले नाही, आणि बुडालेच तर माझेच बुडेल.

कॉमिक कॉन म्हणजे चित्रकथांची जत्राच आहे. हॉलमध्ये रांगेने दुकाने असतात, मोठ्या प्रकाशकांची मोठी आणि आमच्यासारख्या चित्रकारांची लहान, आणि हजारो मुले-माणसे आवडत्या पात्रांची सोंगे घेऊन येतात. आपल्याकडे दशावतारी सोंग घेतात आणि गाव बघतो. तिथे बघायला येणारेच तोंड रंगवून येतात, आणि ओळख नसतानाही एकमेकांना थांबवून फोटो काढतात. ही कालपरवाची टूम नव्हे. अमेरिकेत सॅन दिएगो शहरात १९७० साली एका हॉटेलात जेमतेम ३०० लोकांनी असे संमेलन भरवले होते, आणि आज तिथे १ लाख ३० हजारांच्या वर माणूस जमतो. आपल्या देशात पहिले कॉमिक कॉन दिल्ली हाटमध्ये २०११ च्या फेब्रुवारीत भरले आणि त्याच वर्षी ते मुंबईतही आले. चित्रे दाखवून कथा सांगण्याचे म्हणाल तर आपल्याला तिकडून शिकण्याची गरजच नाही. बाबांनीच मला पिंगुळीला नेऊन चित्रकथी दाखवली होती. मांडीवर पोथी घेऊन बसलेले ते गृहस्थ एकेक चित्र उभे धरून गात होते, आणि चित्र बदलायच्या आधी क्षणभर थांबत होते. पुढच्या पानावर काय आहे हे कळण्याआधीचा तो क्षण मी माझ्या पुस्तकात प्रत्येक उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत आणायचा प्रयत्न केला आहे. त्याच पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाबांनी पेपरातले कात्रण जपून ठेवले होते. मग माझ्या या कामाची तुम्हाला काळजी का वाटावी?

आणि बाबांच्या ट्रंकेतली इंद्रजाल कॉमिक्स मी विसरलेली नाही. त्यातला मुखवटेवाला वेताळ आणि आरवलीचा वेतोबा एकच आहे अशी माझी कितीतरी वर्षे समजूत होती, आणि चित्रात त्याच्या पायांत बूट असताना लोक देवळात एवढ्या मोठ्या चामड्याच्या चपला का वाहतात, हे मी भर देवळात बाबांना विचारले होते. बाबा हसले नाहीत. "रानात फिरताना चपलाच बऱ्या," एवढेच म्हणाले, आणि मला ते पटले.

गेल्या वर्षी दुसऱ्या एका शहरात मी टेबल लावले होते, तेव्हा काय झाले हे मी तुम्हाला पूर्ण सांगितले नव्हते. पुस्तकांचे खोके पुढे पाठवले होते ते पोचलेच नाही, पोचले ते दुसऱ्या दिवशी दुपारी, आणि तेही एका कोपऱ्यात भिजलेले. पहिला दिवसभर मी पाठीवरच्या पिशवीतल्या ४० प्रतींवर काढला. किमती लिहायला पाटी नव्हती, चित्रे टेबलावर आडवी पसरली होती, त्यामुळे येणाऱ्या-जाणाऱ्याला समोरच्या माणसाच्या पाठीपलीकडे काहीच दिसत नव्हते. संध्याकाळी तिथल्या न्हाणीघरात जाऊन मी रडले. त्या रात्री मला जत्रेतले आपले खाज्याचे दुकान आठवले. बाबा ढीग कसा रचायचे, मागे उंच आणि पुढे उतरता, वर पेट्रोमॅक्सची बत्ती टांगलेली, म्हणजे पालखीमागच्या गर्दीतूनही गूळ चकाकताना दिसायचा. बापाच्या खांद्यावरचे पोर आधी बघायचे आणि मग बाप थांबायचा. बाबा खाज्याचा एक तुकडा मोडून त्या पोराच्या तळहातावर ठेवायचे आणि म्हणायचे, "जिन्नस हातात दिलो की गिराईक जाणा नाय." मी ते आयुष्यभर ऐकले, पण ते शिकायची गोष्ट आहे हे त्या रात्री कळले.

म्हणून यंदा सगळे बाबांसारखे मांडणार आहे. तीन बाजूंनी पांढऱ्या भिंती, एक टेबल, दोन खुर्च्या, दिवे आणि एक प्लग एवढे मिळते, बाकीचे आपले. मागे लोखंडी जाळी उभी करून तिच्यावर मोठी चित्रे डोक्याच्या वर टांगायची, मधे पुस्तके उभी, आणि अगदी पुढे स्टिकर, जे पोरांच्या हाताला लागतील. पुस्तकाची एक प्रत सुटी ठेवायची, लोकांनी चाळून चाळून तिची पाने मऊ झाली तरी चालेल. टेबलावरचे कापड जमिनीपर्यंत सोडायचे, म्हणजे खालची खोकी दिसत नाहीत. बसायचे नाही, उभे राहायचे, कारण बसलेल्या दुकानदाराशी नजर मिळत नाही. सुटे पैसे कंबरेच्या पाकिटात, आणि गर्दीत नेटवर्क अडकते म्हणून फोनमध्ये दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे. जत्रेत आधी एक फेरी मारून मग खरेदी करतात तशीच तिथेही माणसे "फिरून येतो" म्हणतात, आणि त्यातली बरीच खरोखर येतात. गेल्या वर्षी त्यांचे खरे न मानता मी वाट पाहिली नाही, आवराआवर आधीच सुरू केली. यंदा शेवटच्या माणसापर्यंत दिवा चालू ठेवीन.

टेबलासाठी आईचे ते हिरवे लुगडे घेऊन जात आहे, जे तिने वाकळीसाठी फाडायला काढले होते. फाडलेले नाही, शिवलेलेही नाही, फक्त दुहेरी घडी घालून पसरणार आहे.

पुस्तकात काय आहे ते अजून सांगितले नाही. मी पाच वर्षांची असताना दशावतारातल्या संकासुर राक्षसाला घाबरून आईच्या पदरात तोंड लपवले होते, आणि बाबांनी मला उचलून रंगमंचामागे नेले होते. तिथे एका ट्रंकेवर आरसा टेकवून राजा स्वतःच्या भुवया रंगवत होता, आणि काळ्या कपड्यांतला संकासुर लाल जिभेचा मुखवटा कपाळावर सरकवून बशीतून चहा पीत होता. त्याने माझ्याकडे बघून विचारले, "चाय घेतलंस गो?" माझे सगळे भय त्या एका प्रश्नात गेले. ४८ पानांत ती एकच रात्र आहे, त्या माणसाची, पेटारा उघडल्यापासून पहाटेच्या दहीकाल्यापर्यंत. मुखवट्याच्या कडेला घामाने ओला झालेला त्याचा कान मी अकरा वेळा काढला, तेव्हा तो जमला.

माझी काळजी करू नका. राहण्याची सोय सांताक्रूझला कॉलेजच्या मैत्रिणीकडे आहे, तिची आई घरी असते, रात्री गरम जेवण मिळेल. हॉलमध्ये पंखे नाहीत, एसी आहे आणि तो फार गार असतो, म्हणून शाल घेतली आहे. स्वच्छतागृहे चांगली आहेत, पाण्याची बाटली भरून घेता येते. मैत्रीण दोन्ही दिवस मदतीला आहे, त्यामुळे मी जेवायला आणि पाय मोकळे करायला उठू शकते. पायाखाली घालायला जाड रबरी चटई घेतली आहे, ती बाबांनाही एक आणते, गुडघ्यांना बरी पडेल.

आता तुमच्याविषयी. जत्रेच्या उपासाला बाबांनी बीपीची गोळी चुकवायची नाही. गोळीने उपास मोडत नाही, हे गुरवकाकांनाही विचारून घ्या. चिऱ्यांच्या पायरीवर अजून शेवाळ आहे, ते खरवडून घेतल्याशिवाय रात्री कोणी अंगणात उतरायचे नाही. माडावर चढण्याविषयी मी काही लिहीत नाही, कारण लिहायची पाळी येणार नाही असे बाबांनी गणपतीत मला वचन दिले आहे. आईने उपाशीपोटी साखर तपासून घ्यावी आणि आकडा मला कळवावा, "बरी आहे" असे नको, आकडा. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख गुरुवारची आहे ती कोणत्याही कारणाने पुढे ढकलायची नाही. मी मंगळवारी रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस धरून बुधवारी दुपारी सावंतवाडीला उतरते आणि गुरुवारी बाबांबरोबर मीच आत जाणार आहे. डोळ्याची पट्टी सुटली की पहिले पुस्तक बाबांनी बघायचे. कोणी मुंबईला येत असेल तर त्याच्याबरोबर दोन रोवळ्या पाठवा, स्टिकर ठेवायला हव्या आहेत. फक्त रोवळ्या पाठवा, आई. त्यात नारळ, कोकमे आणि लाडू भरू नकोस.

ओटीचे सामान मी पार्सलने धाडले आहे, खण माझ्या हाताने निवडला आहे. आईने माझ्या नावाने भरावी आणि काय मागायचे ते तिला ठाऊक आहे.

शनिवारी पालखी देवळाभोवती फिरून झाली आणि नाटकाआधीच्या आड दशावतारात संकासुर आला की मला फोन लावा. व्हिडिओ नको, त्यात नुसता काळोख दिसतो. फोन बाबांनी सदऱ्याच्या खिशात तसाच चालू ठेवावा. मी तोवर मैत्रिणीकडे पोचलेली असेन आणि जागी असेन. तेवढा भाग झाला की बाबांनी घरी जाऊन झोपायचे, पहाटेपर्यंत थांबायचे नाही.

तुमची,
बाय