टेबल बसतंय, मोजून बघितलंय

प्रिय आई-बाबा,
सप्रेम सलाम.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर काय होतं ते आपल्या तिघांनाही माहीत आहे. बाबा "बरं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आई रडते, मग मीही रडते आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून हे पत्र. दोघांनी एकत्र बसून वाचा. बाबा, तुम्ही आधी वाचून आईला गाळून सांगायचं नाही.

इथं पुण्यात आमच्याच बिल्डिंगमधला तळमजल्याचा फ्लॅट मी तुमच्यासाठी भाड्याने घेतला. डिपॉझिट देऊन झालंय. आधी विचारायला हवं होतं, कबूल. पण विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता, आणि अजून एक पावसाळा मी मोबाईलवर राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत काढला असता. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. ऑफिसात मीटिंग चालू असते आणि मी टेबलाखाली पंचगंगा बघत असते.

2019 ला मी कराडपर्यंत येऊन अडकले. शिरोलीला हायवेवरच पाणी. तुम्ही तिघं शाहूपुरीत माळ्यावर, आणि मी कराडला एका लॉजच्या पायऱ्यांवर बसून बिस्किटं खात होते. आजोबांना रबरी बोटीत बसवताना त्यांनी एवढ्या वर्षांच्या उपदेशांच्या वह्या सोडल्या आणि आजीचा फोटो तेवढा घेतला, हे बाबा तुम्हीच मला नंतर सांगितलंत. 2021 ला पाणी त्याहूनही वर आलं. तेव्हा आजोबा नव्हते आणि मीही नव्हते. तेव्हा मी काय काय कारणं सांगितली ते आठवलं की आजही लाज वाटते. ते जाऊ दे.

बाबा, तुमचं म्हणणं मला ऐकू येतंय. आजोबांनी आयुष्यात एकच घर बांधलं, तेही रिटायर झाल्यावर फंडाच्या पैशांतून, ते सोडून कसं जायचं? पण त्याआधीचे आजोबा आठवा ना. निपाणी, कोडोली, इस्लामपूर, सांगली, मग कोल्हापूर. दर वेळी बदलीचं पत्र आलं की आजी तोंड फिरवून भांडी बांधायला घ्यायची आणि आजोबा पुढच्या गावच्या पाळकाला कार्ड टाकायचे, खिडकीखालची जागा किती फूट आहे ते कळवा म्हणून. बाकी पाळकगृहाला छप्पर आहे का, आड आहे का, काही विचारायचे नाहीत. टेबल बसलं की घर झालं. चर्चच्या मंडळीच्या वर्धापनदिनाला ते दर वर्षी तीच गोष्ट सांगायचे, अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब 1852 ला कोल्हापुरात आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 ला तिथंच जन्मला. आम्ही पोरं मागच्या बाकावर साल त्यांच्याआधी पुटपुटायचो. तुम्ही म्हणाल, वायल्डरसाहेब शेवटी परत गेले. गेले. तुम्हालाही परत जाता येईल, घर मी विकत नाहीये. वरच्या खोल्या भाड्याने देऊ, खालची तुमची खोली तशीच कुलूपबंद राहील. नाताळात येऊन राहू.

आणि लेकीच्या दारात राहायचं नाही, हेही ऐकू येतंय. दार वेगळं आहे. दारावर पाटी बाबांच्या नावाची लागेल, तुमच्या जावयांनी करायला टाकलीसुद्धा. स्वयंपाकघर आईचं. ओटा थोडा उंच आहे, चौरंग ठेवू. सकाळचं ऊन मागच्या बाल्कनीत येतं, आईच्या गुडघ्यांना बरं. तळमजला म्हणून घाबरू नका, इथून नदी लांब आहे. उपासनेला कर्वे रोडवरचं सेंट क्रिस्पिन्स, रिक्षाने दहा मिनिटं, मंडळी मराठीच. मी दोन रविवार जाऊन बसले. 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातली आपलीच गीतं म्हणतात, फक्त चाल जरा ओढतात. बाबा, तुम्ही तिथं पहिल्याच आठवड्यात कोणाला तरी पेटीवरून उठवणार, मला माहीत आहे.

आजोबांच्या आठवणी लोक सांगतात त्या उपदेशाच्या आणि सायकलच्या. कोडोलीहून वारणाकाठची गावं सायकलवर, चिखलात सायकल खांद्यावर, वगैरे. खरंच आहे ते. मला मात्र कापणीच्या सणाचा लिलाव आठवतो. आजीने स्वतःची तुर्रेवाली कोंबडी दान दिली आणि मग लिलावात तिचा चेहरा असा पडला की आजोबांनी पाळकाच्या झग्यातच बोली लावून महिनाअखेरच्या पैशांनी आपलीच कोंबडी परत विकत घेतली. अख्खी मंडळी हसत होती. आजी आठवडाभर बोलली नाही, पण कोंबडीला दाणे घालताना गुणगुणायची.

आणि वेणी. आजीचे हात थरथरायला लागले तेव्हापासून रविवारची वेणी आजोबाच घालायचे. झगा आधी चढवायचे, मग वेणी, कधी उलटं नाही. का ते देवच जाणे. पहिली घंटा झाली की त्यांचे पेड पडायला सुरुवात. तेल कोपरापर्यंत. दुसरी घंटा देणारे काका दोर धरून आमच्या दाराकडे बघत उभे राहायचे, आणि बायका एकमेकींना सांगायच्या, थांबा, अजून वेणी चाललीय. आई, त्या झग्याची उजवी बाही तू सोमवारी सोडा लावून किती घासायचीस! डाग गेला नाही तो नाहीच. परवा ट्रंकेत बघितला, अजून पिवळा आहे. तो झगा धुवायला टाकू नकोस.

आता कामाचं. 31 मेच्या आत निघायचं, टेम्पो मी ठरवते. चटणी तिकडेच कांडून आणा, इथल्या मिरचीवर आईचा विश्वास बसणार नाही, वाद नको. बाबा, बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून सोडायची नाही. रंकाळ्यावर फिरायला जाताना फोन घरी ठेवून जाता, तेही बंद. भिजलेल्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. शाई पसरलेली असली तरी असू दे, मी पंख्याखाली पान पान सुटी केलीत ती. टेबलाचे खण रिकामे करून ठेवा. टेबल खिडकीखाली बसतंय, मी टेप लावून मोजलंय, चार बोटं उरतात.

कबरीची काळजी आहे, हो ना? दर पुनरुत्थानदिनी पहाटेच्या उपासनेला आपण दफनभूमीत असू, आदल्या रात्री मुक्कामाला येऊन. दगडाला चुना मी लावीन. लहानपणी माझ्याकडून लावून घेतलाच होतात ना, आजीच्या वेळी.

एक राहिलं. आईचा उजवा खांदा वर जात नाही हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं, तुम्ही दोघांनी नाही सांगितलं. त्यावर इथं आल्यावर बोलूच. पण ईस्टरला व्हिडिओ कॉलवर आईची वेणी डाव्या बाजूला कलली होती आणि शेवटी रबर होतं. मी काही बोलले नाही. बाबा, रबराने केस तुटतात. माझ्या कपाटाच्या खालच्या खणात शाळेतल्या रिबिनी आहेत, त्यातली काळी घ्या.

तुमची,
बाळी