गणनीय-अगणनीय भेद आधी शिकवावा

महोदय,

शालेय इंग्रजी व्याकरणात विशेषनाम, सामान्यनाम, समूहवाचक, पदार्थवाचक आणि भाववाचक असे नामांचे पाच प्रकार घोकून घेतले जातात. मात्र वाक्य लिहिताना ज्याची पदोपदी गरज भासते, त्या गणनीय-अगणनीय (मोजता येणारी आणि न येणारी नामे) भेदाची पुष्कळदा जेमतेम ओळख करून दिली जाते. त्यामुळे चांगले गुण मिळवणारे विद्यार्थीही ‘फर्निचर्स’, ‘इन्फर्मेशन्स’ अशी अगणनीय नामांची चुकीची अनेकवचने सर्रास लिहितात. शिवाय हा भेद अनेकदा अर्थावर ठरतो: ‘पेपर’ हे नाम कागद या अर्थी अगणनीय, तर वर्तमानपत्र किंवा प्रश्नपत्रिका या अर्थी गणनीय असते आणि तेव्हाच त्याआधी ‘अ’ हे उपपद लागते. परीक्षेत नामाचा प्रकार ओळखायला सांगण्याऐवजी (गणनीय नामाआधी येणारे) ‘मेनी’ की (अगणनीय नामाआधी येणारे) ‘मच’ हे वाक्यात योजायला लावावे, अशी कळकळीची विनंती आहे.

– एक इंग्रजी शिक्षिका