कुठल्या हाताचं बोट?

मिरज, रविवार रात्र

चि. सुवार्ता हिला पप्पांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर बोलता बोलता म्हणालीस, "करंगळीशेजारचं बोट जरा ओढल्यासारखं होतंय," आणि लगेच मम्मीला लोणच्याचं विचारलंस. मम्मी लोणच्यावर गेली. मी बोटापाशीच राहिलो. देसाईंचे जावई बुधवारी निघतायत. त्यांच्याबरोबर लोणचं पाठवतोय, त्यातच ही चिठ्ठी. अक्षर बघून दचकू नकोस, त्याचं पुढे सांगतो.

बोटाबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. तर इकडचं सगळं ठीक. आजीचा गुडघा तसाच. चर्चमधल्या पियानोची ती पट्टी पुन्हा गप्प झालीय. तुला आठवतं ना, सतारमेकर गल्लीतले चाचा आले होते? "आम्ही सतारवाले, पण तार ती तारच," म्हणून तीन दिवस पियानो उघडून बसले. तू सात वर्षांची, स्क्रू मोजून त्यांच्या हातात देत होतीस. एकही हरवला नाही. मी घरी येऊन मम्मीला म्हणालो, या पोरीचे हात वेगळे आहेत.

आलंच बघ हातावर.

ते पियानोवादक लिऑन फ्लायशर. तुझा प्रवेश झाला तेव्हा तूच सांगितलंस, तुमच्या बाल्टिमोरच्या संगीत कॉलेजात, पीबॉडीत, १९५९ पासून पार म्हातारपणापर्यंत ते शिकवत होते, २०२० ला गेले, ९२ वर्षांचे होऊन. मी तेव्हापासून मोबाइलवर त्यांचंच ऐकतो. सॅन फ्रान्सिस्कोत बापाचं टोप्यांचं दुकान, म्हणजे आपल्यासारखीच पोटापुरती माणसं. आईचा हट्ट असा की पोरगा एक तर राष्ट्राध्यक्ष व्हावा, नाहीतर मोठा पियानोवादक. चौथ्या वर्षी सुरुवात, नवव्या वर्षी थोर पियानोवादक आर्टुर श्नाबेलचा शिष्य, जो लहान मुलांना शिकवतच नसे! सोळाव्या वर्षी, १९४४ साली, न्यूयॉर्कच्या ऑर्केस्ट्राबरोबर ब्राम्झचा काँचेर्टो, म्हणजे पियानो आणि ऑर्केस्ट्रानं मिळून वाजवायची रचना. १९५२ ला ब्रुसेल्सची पियानोची स्पर्धा जिंकणारा पहिला अमेरिकन. मग कंडक्टर जॉर्ज सेल आणि त्यांच्या क्लीव्हलँडच्या ऑर्केस्ट्राबरोबर ती रेकॉर्डिंगं. माझ्यासारख्या पेंटरलाही कळतं की त्यात एक रेघ इकडची तिकडे नाही.

आणि १९६४ नंतर, वय छत्तीस, उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. वाजवायला बसलं की वळायचं. त्यांनी काय केलं? आणखी रियाज. जास्त तास, जास्त जोर. वर्षभराच्या आत दोन्ही बोटं तळव्याला टेकली. सेलबरोबरचा रशियाचा दौरा गेला. त्या दुखण्याला फोकल डिस्टोनिया म्हणतात, हे कळायलाही कितीतरी वर्षं गेली.

म्हणून सांगतो, तासाभरानं उठायचं. गार हातानं वाजवायचं नाही. ओढलं की थांबायचं, "एवढं एक पान संपवते" असं नाही. तुझ्या बाईंना सांगायचं, डॉक्टरला दाखवायचं, पैशाचा विचार करायचा नाही, आणि...

लागलो बघ प्रवचनाला. पाळकसाहेबांशेजारी बसण्याचा परिणाम. माफ कर. तू एकवीस वर्षांची आहेस, तुला कळतं.

पण मलाही कळत होतं ना! फ्लेक्सचं मशीन आलं म्हणून माझा धंदा बसला, असं मी सगळ्यांना सांगत आलो. तुलाही तेच सांगितलं. फ्लेक्स नंतर आला, सुवार्ता. आधी हात गेला. एका किराणा दुकानाची पाटी होती. 'श्री'ची वेलांटी मी एका दमात मारायचो, काठीचा टेकूसुद्धा न घेता. त्या दिवशी ब्रश वर नेला आणि अंगठा आपोआप आत ओढला गेला. चहाचा कप धरता यायचा, सायकलची चेन बसवता यायची, तुझी वेणीसुद्धा घालता यायची. ब्रश धरला की मात्र तेच. एका डॉक्टरनं ताकदीची इंजेक्शनं दिली, दुसरा म्हणाला मनाचं आहे. तीन वर्षं मी लपवलं. वाकडी रेघ झाकायला शेड जाड मारायचो. लोक विचारायचे, पेंटर, नवीन स्टाइल का? मी हो म्हणायचो.

म्हणून ते १९८२ सालचं वाचलं तेव्हा उठून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तुमच्याच बाल्टिमोरात नव्या सभागृहाच्या उद्‌घाटनाला फ्लायशर दोन्ही हातांनी वाजवायला बसले. टाळ्याच टाळ्या. आणि त्या माणसाला आतून ठाऊक, की हात बरा झालेला नाही.

तेवढंच वाचून थांबू नकोस, मीही थांबलो नाही. मधल्या वर्षांत त्यांनी शिकवलं, ऑर्केस्ट्रा चालवले, आणि राव्हेलचा तो एका डाव्या हाताचा काँचेर्टो वाजवला, जो युद्धात उजवा हात गमावलेल्या पॉल व्हिट्गेनश्टाइन या पियानोवादकासाठी लिहिला होता. सुरुवातीला काही नाही, नुसती गुरगुर, आणि मग तो डावा हात येतो. मी डोळे मिटून ऐकलं तर दुसरा हात कुठंय ते शोधत राहिलो. पुढे बोटॉक्सच्या सुया घेऊन उजवा हात थोडा सैल झाला आणि २००४ ला दोन्ही हातांची रेकॉर्ड आली. तोवर चाळीस वर्षं गेली होती. मला त्या रेकॉर्डचं कौतुक आहे. पण मला ती चाळीस वर्षं दिसतात.

तुझं तसलं काही नसेलही. नुसती थंडी असेल, नाहीतर परीक्षेचा ताण. मम्मी म्हणते, तुम्हाला प्रत्येक बोटात तेच दिसतं. असेल.

लोणच्यात तेल वरपर्यंत आहे, बाटली आडवी ठेवू नकोस.

तुझे,
पप्पा

ता. क. तुझ्या प्रगतिपुस्तकावर कायम मम्मीचीच सही का, असं तू एकदा विचारलं होतंस. मी म्हणालो होतो, मम्मीचं अक्षर चांगलं आहे. हे पत्र लिहायला मला चार संध्याकाळी लागल्या. शनिवारी फोन कर. मम्मीला नको, मला. उजव्या हाताचं की डाव्या, एवढंच आधी सांग.