इंजेक्शन हवेच, पण आधी रक्त हवे

प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवणाऱ्या ‘ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड’विषयीचा आपल्या पुरवणीतील लेख वाचला. हे औषध रक्ताची गुठळी विरघळू देत नाही आणि रक्तस्राव सुरू झाल्यापासून 3 तासांच्या आत दिल्यास जीव वाचवते, हे खरेच. मात्र पंडुरोगी (रक्तात तांबड्या पेशी व हिमोग्लोबिन कमी असलेल्या) बाळंतिणीला ते आधीच टोचले की काम भागले, असा लेखाचा जो सूर आहे, तो पटला नाही. पाकिस्तान, नायजेरिया, टांझानिया व झांबिया येथील मध्यम व तीव्र पंडुरोग असलेल्या सुमारे 15 हजार स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष 2023 मध्ये आले. नाळ कापताच इंजेक्शन देऊनही अतिरक्तस्रावाचे प्रमाण घटले नाही. तांबड्या पेशी बिंबिकांना (गुठळी धरणाऱ्या प्लेटलेट्सना) रक्तवाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. त्याच कमी असतील, तर गुठळी धरायलाच अडचण. शिवाय अशा स्त्रीला थोडा रक्तस्रावही झेपत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 52.2 टक्के गरोदर स्त्रिया पंडुरोगी आढळल्या. लोहाच्या गोळ्या वाटल्या जातात. त्या पोटात जातात का, हे कोणी विचारत नाही (मळमळते म्हणून फडताळात राहिलेल्या गोळ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत). सातव्या महिन्यात हिमोग्लोबिन पुन्हा तपासून गरजेप्रमाणे शिरेतून लोह देण्याची सोय प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात हवी.

– एक निवृत्त परिचारिका, सातारा