सूचना : रविवारी कुळ्याला

सर्व सभासदांस कळवण्यात येते की, येत्या रविवारी आपण मडगावहून रेल्वेने कुळ्याला जात आहोत. विषय : मुरगाव–कॅसलरॉक मार्ग बंद पडून पुन्हा कसा सुरू झाला.

१८८०च्या दशकात पोर्तुगीज अमलात घातलेला हा मार्ग १९५५मध्ये सत्याग्रह आणि आर्थिक नाकेबंदीच्या दिवसांत सीमेवर तुटला. डिसेंबर १९६१मध्ये गोवा मुक्त झाल्यावरच तो पुन्हा जोडला गेला. नव्वदच्या दशकात मीटर गेजचे ब्रॉड गेज करताना घाटातली वाहतूक परत थांबली होती. ती बंदी आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पहिल्या बंदीच्या आठवणी सांगणारे मात्र आता थोडेच. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना जरूर आणा. जुनी तिकिटे, फोटो असतील तर तेही, पण मूळ प्रत नको, झेरॉक्स आणा.

गाडीची वेळ शनिवारी संध्याकाळी ग्रुपवर टाकू. तिकीट ज्याचे त्याने काढायचे.

आणि हो, कुळ्याहून रुळांवरून चालत दूधसागरला जायचा बेत कोणी करू नये. रुळांवरून चालणे हा कायद्याने गुन्हा आहे, शिवाय वाटेत बोगदे आहेत. दर पावसाळ्यात हेच सांगावे लागते!

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवावे.

– कार्यवाह