मालगुडीत शिरताना

सोलापूर

प्रिय अविनाश,

‘मालगुडी डेज’ पुन्हा बघायला घेतलीस, फार बरं केलंस. पण सगळी मालिका संपवून मग, ती ज्यांच्या गोष्टींवर बेतलीय ते आर. के. नारायण हातात धरू नकोस. शाळकरी स्वामी झालेल्या मास्टर मंजुनाथचा चेहरा डोक्यात एकदा पक्का बसला की वाचताना आपण नुसते संवाद टिपत पळतो, मधली वाक्यं सुटतात. आणि खरा नारायण तिथंच आहे.

‘स्वामी अँड फ्रेंड्स’पासून सुरू कर. 1935 सालचं पुस्तक, लहान लहान 19 प्रकरणं. स्वामीचा एक भाग बघायचा आणि लगेच तेवढीच प्रकरणं वाचायची. मूळ इंग्रजीच घे, वाक्यं आखूड आहेत. हिराचंद नेमचंद वाचनालयात विचारून बघ.

बाप स्वामीला आंब्याचं गणित घालतो, तिथं जरा थांब. रामाकडे 10 आंबे, त्याला त्यांचे 15 आणे करायचेत. कृष्णाला 4 हवेत, तर त्यानं द्यायचे किती? उत्तर सरळ 6 आणे. स्वामीला मात्र आंबे पिकलेत का, हीच पंचाईत! शिवाय त्याला रामा वर्गातल्या शंकरसारखा वाटतो आणि कृष्णा ‘पी’ टोपणनावाच्या मित्रासारखा. गिरीश कार्नाडांनी बाप झकास उभा केलाय, पण पोराच्या डोक्यातलं हे कॅमेरा कुठून दाखवणार?

चित्रीकरण कर्नाटकातल्या आगुंब्याचं, म्हणून पडद्यावर सगळं पावसाळी हिरवं दिसतं. पुस्तकात संध्याकाळी माणसं मालगुडीच्या सरयू नदीच्या वाळूत बसतात. आपल्याकडच्या माणसाला ती वाळू जास्त जवळची.

स्वातंत्र्य चळवळीच्या धामधुमीत शाळेच्या काचा फुटतात ते प्रकरण तर सोलापूरकरानं सावकाश वाचावं. तारीख आहे 15 ऑगस्ट 1930. त्याआधी तीनच महिने आपल्याकडं मार्शल लॉ लागला होता. त्यापायी फाशी गेलेले आपले चार हुतात्मे आठवल्याशिवाय ती पानं उलटतच नाहीत. जमावावर लाठ्या चालवायला लावणारा अधिकारी म्हणजे स्वामीच्या जिवलग राजमचा बाप. एवढं घडतं, पण नारायण आवाज चढवत नाही.

पुढं ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ (1937), मग ‘द इंग्लिश टीचर’ (1945). मधली ‘द डार्क रूम’ मागं ठेव, तिचा सूर फार काळवंडलेला आहे. ‘इंग्लिश टीचर’मध्ये नायकाची बायको टायफॉइडनं जाते, नारायणांची स्वतःची बायकोही 1939 मध्ये त्याच आजारानं गेली. त्यानंतर नायक मृत बायकोशी संवाद साधायला लागतो आणि मालिकेची गंमत शोधत आलेले बरेच जण तिथं पुस्तक मिटतात. तू मिटू नकोस. निदान शेवटचं प्रकरण वाचूनच मला कळव.

तुझा,
सुहास